आज विकावं की थांबावं? कापसाच्या भावाचा आलेख

२०२३ चा जानेवारी महिना. अकोला-अकोट रस्त्यावरच्या एका शाळेत नववीच्या वर्गाला आम्ही आलेख शिकवत होतो. पुस्तकातली उदाहरणं संपली होती, म्हणून मुलांनाच विचारलं, "तुमच्या घरी सध्या कोणत्या आकड्याची रोज चर्चा होते?" उत्तर एका सुरात आलं, "कापसाचा भाव!"

मग एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "सर, माया बाबानं कापूस अजून इकला नाही. मांगच्या वर्सी भाव बारा हजारावर गेल्ता. यंदा बी जाईन."

वर्गातल्या निम्म्याहून अधिक घरांत कापूस साठलेला होता. कुणाच्या ओसरीत, कुणाच्या माजघरात. कापसामुळे अंगाला खाज सुटते अशी तक्रारही मुलं करत होती. पण विकायचा नाही, असं घराघरांत ठरलं होतं.

'यंदाही जाईल' हे त्या मुलाचं वाक्य आम्हाला महत्त्वाचं वाटलं. त्यात एक निरीक्षण आहे, त्यावरून काढलेलं अनुमान आहे आणि त्या अनुमानावर घेतलेला मोठा आर्थिक निर्णयही आहे. कंपन्या आपला व्यवहार ठरवताना आकडे गोळा करतात, त्यांची चित्रं काढतात आणि त्यावरून अनुमान करतात. वऱ्हाडातलं शेतकरी कुटुंब दरवर्षी हेच करतं, फक्त तोंडी. तेच कागदावर केलं तर काय दिसेल, हे आम्ही वर्गात करून पाहायचं ठरवलं.

बाजारभावाच्या रकान्यात काय असतं?

पहिलं काम आकडे मिळवण्याचं. वर्तमानपत्रातल्या बाजारभावाच्या रकान्यात प्रत्येक बाजार समितीपुढे साधारणपणे चार आकडे असतात: आवक (किती क्विंटल माल आला), किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर. सर्वसाधारण दर म्हणजे त्या दिवशी ज्या भावाच्या आसपास जास्तीत जास्त माल विकला गेला तो दर. गणिताच्या पुस्तकातल्या 'बहुलका'शी त्याचं जवळचं नातं आहे.

हे आकडे जाहीरपणे मिळतात यामागे वऱ्हाडचा स्वतःचा इतिहास आहे. आता वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंजा इथे १८८६ मध्ये देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. तोलाई, कपात, दलाली यांना नियम लागू झाले. आज देशभर ज्या बाजार समित्या आहेत, त्यांची ही आधीची पिढी म्हणता येईल.

मात्र 'कधी विकावं' हा प्रश्न मधल्या एका पिढीला आजच्यासारखा पडत नव्हता. १९७२ पासून सुमारे तीस वर्षं राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. सरकार ठरवील त्या भावाने कापूस घेतला जाई. ही योजना संपल्यावर रोज बदलणारा भाव शेतकऱ्याच्या दारात आला. तेव्हा हा आलेख वाचणं घरातल्या मोठ्यांनाही तसं नवंच आहे.

पहिला आलेख आणि पहिली फसगत

मुलांनी दोन आठवड्यांचे दर टिपून आणले आणि स्तंभालेख काढले. दोन मुलींचे आलेख शेजारी ठेवले, तर एकीच्या आलेखात भाव झपाट्याने वाढलेला दिसत होता आणि दुसरीच्या आलेखात तो जवळजवळ स्थिर होता. आकडे तर दोघींचे एकच होते!

गोम उभ्या अक्षात होती. समजा, भाव ७,००० वरून ७,२०० रुपये झाला. ही वाढ तीन टक्क्यांहूनही कमी आहे. उभा अक्ष शून्यापासून सुरू केला, तर दोन्ही स्तंभ जवळपास सारखे दिसतात. पण अक्ष ६,९५० पासून सुरू केला, तर पहिल्या स्तंभाची उंची ५० रुपयांची आणि दुसऱ्याची २५० रुपयांची होते. दुसरा स्तंभ पाचपट उंच! डोळा उंचीची तुलना करतो. अक्षावरचे आकडे तो नंतर वाचतो, कधी वाचतच नाही.

म्हणून स्तंभालेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू करावा. रेषालेखात मात्र आपण उंचीपेक्षा चढ-उतार पाहत असतो. तिथे अक्ष वरून सुरू केला तरी चालतो, फक्त तसं स्पष्ट लिहावं. वर्तमानपत्रात किंवा मोबाइलवर कोणताही आलेख दिसला की आधी उभ्या अक्षाचा खालचा आकडा वाचायचा, अशी सवय मुलांना लावता येते.

सरासरी कुणाची?

दुसरा प्रश्न सरासरीचा. समजण्यासाठी तीन दिवसांचे काल्पनिक आकडे घेऊ. सोमवारी ४० क्विंटल कापूस ८,००० रुपयांनी विकला गेला. मंगळवारी ४०० क्विंटल ७,००० रुपयांनी आणि बुधवारी ६० क्विंटल ७,६०० रुपयांनी. तीन दरांची साधी सरासरी येते ७,५३३ रुपये.

आता दुसऱ्या रीतीने पाहू. एकूण ५०० क्विंटल कापसाचे एकूण ३५ लाख ७६ हजार रुपये झाले. म्हणजे क्विंटलला ७,१५२ रुपये. याला भारित सरासरी म्हणतात. दोन्ही सरासरींत ३८१ रुपयांचा फरक आहे.

कोणती सरासरी बरोबर? हिशेब दोन्हींचा बरोबर आहे, पण त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. 'या तीन दिवसांत बाजारात कोणते भाव निघाले?' याचं उत्तर पहिली देते. 'शेतकऱ्यांच्या हातात क्विंटलमागे किती पैसे पडले?' याचं उत्तर दुसरी देते. 'अमुक बाजारात कापूस आठ हजारांवर' अशी बातमी वाचली की त्या भावाने किती क्विंटल विकला गेला, हे लगेच विचारायला हवं. चाळीस क्विंटलचा भाव हा साऱ्या बाजाराचा भाव नसतो.

एका वर्षावरून नियम होत नाही

आता त्या मुलाच्या वाक्याकडे वळू. २०२१-२२ च्या हंगामात कापसाचा भाव सुरुवातीला आठ हजारांच्या आसपास होता. जानेवारी २०२२ मध्ये तो दहा हजारांवर गेला आणि एप्रिलपर्यंत काही बाजारांत बारा हजारांपर्यंत पोचला. त्या वर्षी जो थांबला त्याला लाभ झाला. पण हे एकाच वर्षाचं निरीक्षण आहे. नाणं एकदा फेकल्यावर छाप पडला, म्हणून दर वेळी छापच पडेल असं कुणी म्हणत नाही.

वेगवेगळी वर्षं एकाच आलेखावर आणताना एक अडचण येते. दर वर्षी भावाची पातळीच वेगळी असते. यावर सोपा उपाय आहे. प्रत्येक हंगामात नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातला भाव १०० मानायचा आणि पुढचे भाव त्या प्रमाणात काढायचे. ८,००० म्हणजे १०० धरले, तर १२,००० म्हणजे १५०. यालाच निर्देशांक म्हणतात. आता पाच-सात हंगामांच्या रेषा एकाच बिंदूतून निघतात. किती रेषा वर जातात, किती खाली येतात आणि किती आडव्या राहतात, हे एका नजरेत दिसतं. शंभरावरून दीडशेवर जाणारी रेषा हा नियम आहे की अपवाद, ते तेव्हाच कळतं.

भाव कुठून येतो, हेही पाहायला हवं. जिनिंगमध्ये एक क्विंटल कापसापासून साधारण ३४ किलो रुई आणि ६४ किलोच्या आसपास सरकी निघते, बाकी घट. समजा, रुईचा भाव खंडीला (३५६ किलोला) ५६,००० रुपये आणि सरकीचा क्विंटलला ३,२०० रुपये आहे. मग ३४ किलो रुईचे सुमारे ५,३५० आणि ६४ किलो सरकीचे सुमारे २,०५० रुपये होतात, एकूण ७,४००. यातून प्रक्रियेचा आणि वाहतुकीचा खर्च आणि नफा वजा करून व्यापारी कापसाची बोली लावतो. म्हणजे कापसाच्या भावामागे रुई आणि सरकीचे दोन भाव दडलेले असतात. त्यातल्या रुईचा भाव जगाच्या बाजाराशी जोडलेला आहे.

म्हणून वऱ्हाडच्या भावाशेजारी जगाच्या भावाचीही रेषा काढून पाहावी. न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात मे २०२२ मध्ये रुईचा भाव पौंडाला १५० सेंटच्या वर होता. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस तो त्याच्या निम्म्याखाली आला होता. म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांच्या घरी कापूस वेचून येत होता, तेव्हाच 'मागच्या वर्षी'ला कारण झालेली परिस्थिती बदललेली होती. ओसरीत बसून ते दिसणं कठीण होतं. दोन रेषा शेजारी असत्या तर दिसलं असतं.

हंगाम पुढे असा गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये साडेआठ-नऊ हजारांच्या आसपास असलेला भाव उतरत मे-जून २०२३ पर्यंत सात हजारांच्या आसपास आला. ८,५०० म्हणजे १०० धरले, तर ही रेषा ८२ वर येऊन थांबते.

दीडशे वर्षांपूर्वीचं एक चित्र

जगाच्या बाजाराने वऱ्हाडच्या कापसाला वर नेऊन खाली आणल्याची ही पहिलीच वेळ नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारी बहुतेक रुई तोवर अमेरिकेतून येई. तो पुरवठा तुटला, हिंदुस्थानच्या रुईला मागणी आली आणि भाव कित्येक पट चढले. मुंबईत सट्ट्याला ऊत आला.

शार्ल मिनार या निवृत्त फ्रेंच अभियंत्याने या घटनेचं चित्र काढलं. युरोपात येणाऱ्या रुईचे त्याचे नकाशे प्रसिद्ध आहेत. १८६६ मधल्या नकाशात त्याने १८५८, १८६४ आणि १८६५ ही तीन वर्षं शेजारी-शेजारी मांडली. ज्या देशातून रुई येते तिथून युरोपपर्यंत त्याने रंगीत पट्टा काढला आणि जितकी रुई तितकी पट्ट्याची रुंदी ठेवली. १८५८ च्या चित्रात अमेरिकेचा पट्टा सर्वांत जाड आहे. १८६४ च्या चित्रात तो सुतासारखा बारीक होतो आणि आफ्रिकेला वळसा घालून येणारा हिंदुस्थानचा पट्टा फुगतो. कोष्टकाची पानं वाचूनही जे मनात ठसत नाही, ते इथे पाहताक्षणी कळतं.

पण या चित्रातून आणखी एक गोष्ट शिकण्याजोगी आहे. १८६४ चं चित्र तेवढं पाहून एखाद्याने 'आता हिंदुस्थानच्या कापसाला कायमचे दिवस आले' असा निष्कर्ष काढला असता तर? १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि त्याच वर्षी मुंबईतल्या पेढ्या आणि कंपन्या बुडाल्या. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेची रुई पुन्हा युरोपात येऊ लागली. लोहमार्ग नागपूरपर्यंत पोचला तो १८६७ मध्ये, म्हणजे तेजी ओसरल्यावर. झालं ते चित्र चोख दाखवतं. पुढे काय होईल हे सांगण्यासाठी मात्र ते का झालं, हे माहीत असावं लागतं.

भावाची तुलना कशाशी?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. थांबायचं की नाही हे ठरवताना बहुतेक जण पुढचा भाव आजच्या भावाशी ताडून पाहतात. नोव्हेंबरात ८,५०० होता, मे महिन्यात ८,८०० मिळाला, म्हणजे ३०० रुपये फायदा! हे खरं आहे का?

कापूस घरात ठेवण्याला खर्च येतो. विकला असता तर पैसे आले असते आणि कर्ज फिटलं असतं. ते फिटत नाही, म्हणून व्याज चढतं. कापूस सुकतो आणि त्याचं वजन घटतं. समजा, व्याज महिन्याला एक टक्का आणि घट महिन्याला अर्धा टक्का आहे. नोव्हेंबरातल्या ८,५०० रुपयांच्या एका क्विंटलचा हिशेब करू.

मे महिन्यापर्यंत सहा महिन्यांचं व्याज ५१० रुपये. म्हणजे हातात ९,०१० रुपये यायला हवेत. पण आता माल १०० किलो नाही, ९७ किलोच आहे. ९,०१० ला ०.९७ ने भागलं की उत्तर येतं सुमारे ९,२९०. म्हणजे मे महिन्यात ९,२९० भाव मिळाला तरच आपण नोव्हेंबरात होतो तिथे राहतो. ८,८०० मिळाला, तर तो तोटा आहे.

याच रीतीने जानेवारीसाठी ८,७६० आणि मार्चसाठी ९,०२० हे आकडे मिळतात. हे बिंदू भावाच्या आलेखावर मांडून जोडले की एक चढती रेषा तयार होते. आम्ही तिला वर्गात 'थांबण्याची रेषा' म्हटलं. भावाची रेषा तिच्या वर असेल तोवर थांबणं फायद्याचं. खाली गेली की तोट्याचं. कर्ज खाजगी असेल आणि व्याज महिन्याला दोन टक्के असेल, तर रेषा आणखी उभी होते आणि मे महिन्यासाठी ९,८०० च्याही वर जाते. म्हणजे प्रत्येक घराची रेषा वेगळी! ज्याच्यावर कर्ज नाही तो जास्त थांबू शकतो. शेजाऱ्याला परवडलं म्हणून आपल्याला परवडेलच असं नाही.

आलेखावर आणखी एक आडवी रेषा काढावी: हमीभावाची. २०२२-२३ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ६,३८० रुपये होता. ही आपली जमीन. मात्र त्या भावाने विकायलाही अट असते. कापसात ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असावा; बारा टक्क्यांपर्यंत कपात करून घेतात, त्यापुढचा परत पाठवतात.

आमच्या वर्गाने मार्च २०२३ मध्ये या तीन रेषा फळ्यावर काढल्या. भावाची रेषा उतरत होती आणि थांबण्याची रेषा चढत होती. दोहोंतलं अंतर महिन्यागणिक वाढताना पाहून वर्ग गप्प झाला. तो मुलगा म्हणाला, "हे दिवाळीतच काढाले पाह्यजे होतं, सर."

त्याचं म्हणणं खरं होतं. पण दिवाळीत भावाची रेषा पुढे कुठे जाईल हे कुणालाच माहीत नसतं, हेही आम्ही त्याला सांगितलं. २०२१-२२ मध्ये हीच रीत वापरली असती, तर थांबण्याची रेषा एप्रिलपर्यंत जेमतेम ८,६०० वर पोचली असती आणि भाव बारा हजार होता. त्या वर्षी थांबणंच शहाणपणाचं ठरलं. आलेख भविष्य सांगत नाही. किती भाव वाढला तर थांबणं परवडेल आणि चूक झाली तर ती किती रुपयांची असेल, हे मात्र तो आधीच सांगतो. अशा अनिश्चित स्थितीत काही घरं तिसरा मार्ग घेतात. माल तीन हिश्श्यांत, तीन वेगवेगळ्या महिन्यांत विकतात. त्यात सर्वांत चांगला भाव साऱ्या मालाला मिळत नाही, पण सर्वांत वाईट भावही साऱ्या मालाला मिळत नाही.

संगणक काय करतो?

हे सारं आलेखकागदावर होतं. शाळेत संगणक असेल तर तेच काम स्प्रेडशीटमध्ये लवकर होतं. केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेट या सेवेवर आणि राज्याच्या पणन मंडळाकडे बाजार समित्यांचे रोजचे दर आणि आवक मिळते. व्याजाचा दर बदलला की थांबण्याची रेषा क्षणात बदलते. मोठ्या कंपन्यांकडे याहून शक्तिशाली साधनं असतात. हजारो दुकानांची विक्री ती एका पडद्यावर दाखवतात. पण अक्ष कुठून सुरू करायचा, सरासरी कोणती घ्यायची, किती वर्षं पाहायची आणि तुलना कशाशी करायची, हे प्रश्न तिथेही माणसालाच सोडवावे लागतात. म्हणून आमचं सुचवणं असं, की पहिले दोन आलेख मुलांना हातानेच काढू द्यावेत.

वर्गात करून पाहा

१. जवळच्या बाजार समितीतले कापूस, तूर किंवा सोयाबीनचे महिनाभराचे दर आणि आवक टिपा. साधी आणि भारित सरासरी काढा. फरक जास्त असेल तर तो कोणत्या दिवसांमुळे आला, ते शोधा.

२. आडव्या अक्षावर आवक आणि उभ्या अक्षावर दर घेऊन प्रत्येक दिवसाचा एक ठिपका मांडा. आवक वाढली की दर उतरतो असं दिसतं का? दिसलं, तरी आवकच त्याला कारण आहे का? त्याच दिवशी दुसऱ्या बाजारात काय झालं, तेही पाहा.

३. मागच्या पाच हंगामांचे निर्देशांक काढून पाच रेषा एकाच कागदावर आणा. मार्चमध्ये किती रेषा १०० च्या वर आहेत?

४. व्याज आणि घट यांचे आकडे मुलांनी घरी विचारून आणावेत आणि आपापली थांबण्याची रेषा काढावी. कर्जाचा तपशील वर्गात सांगण्याची सक्ती करू नये; रेषा वहीत राहिली तरी चालेल.

चौथं काम दसऱ्याच्या सुमारास द्यावं, म्हणजे कापूस घरी येण्याआधी वही तयार असेल.